हिरवं विरजण

इंदिरानगर, नाशिक
२४ मार्च २०२५

प्रिय आत्या,

या वेळचा नमस्कार एकाच पायाचा आहे, तेवढ्यावर भागवून घे. दुसरा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये आहे आणि डॉक्टरांनी आठ आठवडे सांगितलेत. पडले कशावरून, तर मीच वाढवलेल्या शेवाळावरून. तीन वर्षं ज्याला जिवापाड जपलं, त्यानेच पाय मोडला. दीपक दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगतो आणि सांगताना स्वतःच हसतो. असा नवरा तूच शोधून दिलास, हे मी विसरलेली नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं तुला मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून पत्रच लिहिते. बारकूभाऊ रोज सकाळी सायखेड्याहून दूध घेऊन नाशिकला येतात आणि दुपारी रिकामे कॅन घेऊन परततात. माझी पत्रं त्यांच्या टेंपोने येतील. तुझीही तशीच पाठव.

आता मुद्द्याचं. सायखेड्याच्या दूध संकलन केंद्रामागची, जिच्या कडेला मी घसरले ती टाकी आजपासून तुझ्या हवाली. कॅन धुतलेलं आंबट पाणी पूर्वी नाल्यात जायचं आणि नाल्यातून गोदावरीत. आता ते टाकीत जातं. टाकीतलं पाणी हिरवं दिसतं ते शेवाळामुळे. त्याचा एकेक कण इतका बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो पाण्यातली घाण खाऊन वाढतो. वाढला की तो फडक्यावर गाळायचा, सावलीत वाळवायचा आणि चुरून शेजारच्या हौदातल्या दोनशे कोळंब्यांना घालायचा. खाली उरलेलं स्वच्छ पाणी नाल्यात सोडायचं.

नियम तीनच आहेत. सकाळ-दुपार टाकी बांबूने ढवळायची. दर चौथ्या दिवशी पाव टाकी काढून तेवढंच कॅनचं पाणी भरायचं. आणि तिसरा सर्वांत महत्त्वाचा: या पाण्याचा थेंबही कुणाला द्यायचा नाही.

मी सत्तावन्न ठिकाणांहून शेवाळ आणून पाहिलं. दुधाच्या आंबट पाण्यात आणि आपल्या उन्हाळ्यात टिकलं ते एकच, तुमच्या घाटाच्या सातव्या पायरीवर सापडलेलं. ते आज जगात दोनच ठिकाणी आहे: आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणि तुझ्या टाकीत. ते गेलं तर माझं सगळंच गेलं, आत्या.

तुझी,
शुभांगी


सायखेडा
२७ मार्च

चि. शुभांगीला आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. सोबत मेथी आणि डिंकाचे लाडू पाठवते आहे. लाडू तुझ्या हाडांसाठी आहेत, दीपकला एकच दे.

तुला लहानपणापासून सांगते की खाली बघून चाल. पण तू घाटावर चालायचीस तेही पाण्यात बघत. असो. टाकी सकाळी ढवळली, दुपारी ढवळली. पहिल्या दिवशी वास आला, आता सवय झाली. केंद्रावर दूध घालायला येणारे लोक थांबून बघतात. सावळीराम मला म्हणाला, "नवसाबाई, लय घोटू नका, लोणी येईल." मी म्हटलं, आलं तर पहिला गोळा तुलाच.

पाव काढायचं आणि पाव भरायचं, हे वाचून मला एक कळलं. हे तर विरजण झालं. जुन्यातलं थोडं ठेवायचं, नवं दूध घालायचं, की सकाळपर्यंत सगळं आपल्यासारखं होतं. एवढंच तू तीन वर्षं शिकत होतीस का?

मग तुझा तिसरा नियम मात्र मला पटत नाही. आपल्या गल्लीत विरजण मागायला वाटी घेऊन आलेल्या बाईला कुणी नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही. दिवेलागणीनंतर देत नाहीत, तेवढं सोडलं तर. माझ्या घरातलं आत्ताचं दही माझ्या सासूच्या विरजणाचं आहे. मध्ये चार वेळा आमच्याकडचं विरजण मोडलं, तर शेजारून आमचंच परत आणलं. पण तू शिकलेली आहेस, तुझा नियम मी पाळीन.

माळ गळ्यात घालून कोळंबीला चारा घालणारी बाई पंचक्रोशीत मीच असेन. मी त्यांच्याकडे बघत नाही, नुसतं टाकते.

नवसाआत्या


इंदिरानगर
२९ मार्च

प्रिय आत्या,

तीन वर्षं जे मी शिकले ते तू तीन दिवसांत एका शब्दात सांगितलंस. आमचे सर खूप हसले. म्हणाले, पुढच्या वर्षीच्या मुलांना मी हेच सांगणार. हो, विरजणच आहे.

पण देऊ नकोस. कुणी घरी नेलं, त्यात दुसरं शेवाळ मिसळलं आणि तेच भांडं पुन्हा आपल्या टाकीत बुडवलं, तर आपली जात हरवेल. ती नंतर निवडून काढणं म्हणजे तांदळातून साखर वेचणं. एवढं माझं ऐक.

लाडू दीपकने तीन खाल्ले. मी मोजले आहेत.

शुभांगी


सायखेडा
८ एप्रिल

चि. शुभांगी,

आज लिहायला हात वळत नाही. तुझ्या कोळंब्या मेल्या.

सकाळी हौदावर गेले तर तळाशी आठ जणी पडलेल्या. अगदी पारदर्शक, मिश्या आणि पाय जिथल्या तिथे, आत काही नाही. काल आणखी पाच दिसल्या होत्या, पण मी म्हटलं आपल्याच डोळ्यांचा दोष असेल. मी त्यांना काठीने बाहेर काढून झेंडूच्या वाफ्यात पुरलं. नंतर अंघोळ केली. माझं मलाच हसू येतं, पण दोन दिवस घरात गोड करणार नाही.

आधी बघणार नाही म्हणाले होते ते खोटं. रोज बघते. मी गेले की त्या कडेला येतात. एक आहे तिची डावी मिशी अर्धी तुटलेली आहे, ती सर्वांत आधी येते. ती आज दिसली नाही. माझ्या हातून काही चुकलं का ते सरळ लिही. राग धरणार नाही.

आत्या


इंदिरानगर
१० एप्रिल

प्रिय आत्या,

गोड कर. आजच कर.

त्या मेल्या नाहीत. त्यांनी अंगरखे बदलले. कोळंबी वाढली की तिला जुनं कवच घट्ट होतं, मग ती ते जसंच्या तसं काढून टाकते आणि नवं कडक होईपर्यंत कोपऱ्यात लपून बसते. तू तेरा रिकाम्या झग्यांना माती दिलीस. मी इतकी हसले की प्लास्टरच्या आत पाय दुखला. कवच टाकतात म्हणजे वाढताहेत, आणि वाढताहेत म्हणजे तुझ्या हातचं अन्न त्यांना मानवतं आहे.

बारकूभाऊंकडे तू दिलेलं पाणी दीपकने तपासायला नेलं होतं. कॅनचं पाणी टाकीत जातं तेव्हा जितकी घाण असते, तिचे दहातले नऊ हिस्से बाहेर पडताना गेलेले असतात. मी असताना सात जायचे. तू काय करतेस वेगळं?

शुभांगी


सायखेडा
१६ एप्रिल

चि. शुभांगी,

अर्ध्या मिशीची परत आली. मिशी आता पूर्ण आहे, पण चाल तीच, मी ओळखली. शिरा केला. तू मला हसलीस ते गल्लीभर झालं, कारण बारकूने तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. सावळीराम आता मला कोळंब्यांचे कपडे कुठे शिवून मिळतात ते विचारतो.

वेगळं काही करत नाही. जरा जास्त वेळ ढवळते, एवढंच. घरी बसून कुणाशी बोलायचं? इथे चार बाया येतात, बांबू एकीच्या हातून दुसरीच्या हातात जातो आणि बोलणं संपेपर्यंत ढवळणं होतं.

नाल्याला वास राहिला नाही. परवा नाल्यावरच्या तारेवर खंड्या बसला होता. मी सायखेड्यात नांदायला आल्यापासून तिथे कधी खंड्या बघितला नव्हता. शेजारच्या सुवर्णाची झेंडूची रोपं यंदा फार जोमदार आली आहेत, कशाने कुणास ठाऊक. पुढल्या आठवड्यात अक्षय्य तृतीयेची, आपल्या आखाजीची, आवराआवर सुरू करणार. घागरी, रांजण, टाक्या, सगळी पाण्याची भांडी घासायची. सांजोऱ्या पाठवीन.

आत्या


इंदिरानगर
२ मे

प्रिय आत्या,

हे पत्र बारकूभाऊंकडून वाचून घेऊ नकोस, तू एकटी वाच.

आखाजी आणि महाराष्ट्र दिनाची सुट्टी लागून आली. त्या दोन दिवसांत प्रयोगशाळेतलं थंड करणारं यंत्र बंद पडलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. आज दार उघडलं तेव्हा सगळ्या बाटल्या पांढऱ्या झाल्या होत्या. दीपक एकेक बाटली उजेडात धरून मला व्हिडिओवर दाखवत होता. मी तिसऱ्या बाटलीनंतर त्याला थांब म्हटलं.

आता फक्त तुझी टाकी आहे. उद्याच्या टेंपोने एक बाटली भरून पाठव. स्वच्छ धुतलेली कुठलीही चालेल. तेवढ्यावर मी सगळं पुन्हा उभं करीन. तू आहेस म्हणून मला रडू आलं नाही.

शुभांगी


सायखेडा
३ मे

चि. शुभांगीला आशीर्वाद.

आखाजी छान झाली. घागर पुजली, आमरस केला. सांजोऱ्या आणि कुरडया पाठवते आहे. कुरडया जपून, टेंपोत चुरतात. कोळंब्या मजेत आहेत. वाळवलेला हिरवा चुरा डबाभर आहे, त्यामुळे त्यांच्या खाण्याची चिंता नाही.

बाटली पाठवली नाही. झाकण घट्ट बसत नव्हतं, वाटेत सांडली असती. टाकी लख्ख आहे, काळजी करू नकोस. तू आधी बरी हो. पाय उशीवर ठेवतेस ना? ऊन फार आहे.

आत्या


इंदिरानगर
४ मे

आत्या,

सांजोऱ्या मिळाल्या. पण मला एका शब्दाने झोप लागली नाही. शेवाळाची टाकी लख्ख कशी असेल?

टाकीचा तळ दिसतो आहे का? एवढंच लिही.

शुभांगी


सायखेडा
५ मे

दिसतो.


इंदिरानगर
६ मे

प्रिय आत्या,

काल दुपारपासून ती चिठ्ठी उशाखाली आहे. दीपक म्हणाला, आत्यांना काय झालं ते विचार तरी. मला विचारावंसं वाटत नाही. तू मुद्दाम काही केलं नसणार, हे मला माहीत आहे. मी राग धरलेला नाही, पण दुःख झालं ते लपवत नाही. घाटाच्या सातव्या पायरीवर मी पुन्हा बघायला लावलं होतं मागच्याच महिन्यात. ती पायरी डागडुजीत सिमेंटखाली गेली आहे.

तू जेवलीस का? नसलीस तर जेव. तुझ्याशी बोलायला मी दोन आठवड्यांनी येईन तेव्हा आपण दोघी रडू.

तुझीच,
शुभांगी


सायखेडा
८ मे

माझ्या शुभांगी,

आता सगळं लिहिते. दोन चुका आहेत. पहिली तुला कळली आहे, दुसरी लपवलेली आहे.

पहिली अशी. आखाजीच्या आदल्या दिवशी मी पाण्याची सगळी भांडी घासायला घेतली. तुझ्या टाकीच्या कडांना हिरवा थर धरला होता. मला वाटलं, दह्याचं भांडं आपण दर सणाला घासतोच की. विरजण वाटीत काढून ठेवायचं, भांडं स्वच्छ करायचं आणि विरजण परत घालायचं. तसंच केलं. हिरव्या पाण्याची एक बादली बाजूला काढली, टाकी रिकामी करून घासली, आतून चुना फिरवला आणि पाणी भरून बादली ओतली. दुसऱ्या दिवशी पाणी पांढरट झालं. तिसऱ्या दिवशी तळ दिसला. तेव्हा तुझं पत्र आलं. तू लिहिलं होतंस की मी आहे म्हणून तुला रडू आलं नाही. त्यानंतर मला खरं लिहिता येईना.

दुसरी. गुढीपाडव्याच्या आठवड्यातच सुवर्णा वाटी घेऊन आली. कॅनच्या पाण्याचा वास गेला तसा तिच्या गोठ्याच्या पाण्याचा जाईल का म्हणाली. मी म्हटलं, शुभांगीने नाही म्हटलंय. ती म्हणाली, "आत्याबाई, इरजनाला कोणी नाय म्हणतं का?" मी वाटी भरून दिली. एकीलाच दिली. तिने किती जणींना दिली ते मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं.

परवा तुझं पत्र वाचून मी रडत ओट्यावर बसले होते. सुवर्णाने विचारलं काय झालं, मी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मंग माझ्याकडं हाय ना." मी तशीच तिच्यासोबत निघणार होते, पण दिवे लागले होते. कितीही निकड असली तरी तिन्हीसांजेनंतर विरजण मागायचं नाही. रात्र कशी काढली ते मलाच ठाऊक.

काल सकाळी सुवर्णाच्या गोठ्यात गेले. निळ्या ड्रममध्ये हिरवंगार पाणी. तिने लंकाबाईला दिलं होतं, लंकाबाईने वाल्मीकच्या आईला, असं करत करत सात घरं निघाली. एकीने झेंडूला घालायला ठेवलं आहे, एकीने बदकांना. मैनाने कशाला ठेवलं तर म्हणे, रंग बरा वाटतो. सात जणी सात लोटे घेऊन माझ्या दारात आल्या. प्रत्येकीने लोट्याबरोबर मूठभर काहीतरी आणलं, नुसतं पाणी घेऊन दारी जात नाहीत म्हणून. घरात आता सात मुठी शेंगदाणे, गूळ आणि हरभरे आहेत.

सात बाटल्या बारकूकडे देते आहे. झाकणं सगळी घट्ट आहेत. प्रत्येकीवर नाव लिहिलं आहे. लंकाबाईने तांब्याच्या हंड्यात ठेवलं होतं, ते पाणी नितळ दिसतं, पण तिचं मन मोडू नये म्हणून तीही बाटली पाठवते.

तुझी आत्या, जिने तुझं ऐकलं नाही


इंदिरानगर
९ मे

आत्या,

दीपकने कॉलेजातला सूक्ष्मदर्शक घरी आणून पलंगावर ठेवला आहे. मी प्लास्टरचा पाय खुर्चीवर टाकून काल दुपारपासून त्यात डोळा घालून बसले आहे. मला माझं शेवाळ दिसतं आहे. जिवंत आहे, दुप्पट होतं आहे. मी आरडाओरडा केला तेव्हा शेजारच्या वहिनी पाय मोडला का बघायला आल्या, मग लक्षात आलं की तो आधीच मोडलेला आहे.

लंकाबाईंची बाटली गेली. तांब्यात शेवाळ टिकत नाही, यात त्यांचा दोष नाही. सुवर्णाच्या ड्रममध्ये आणि आणखी चार घरी आपलं आहे, पण सोबत इतरही शिरलं आहे, निवडायला महिना लागेल. मात्र मैनाकाकूंची बाटली मी चार वेळा पाहिली. त्यात आपल्याशिवाय जवळपास कुणीच नाही. प्रयोगशाळेत होतं त्याहून जोमदार आहे. त्यांना विचार, कशात ठेवलं होतं? आमचे सरही विचारताहेत.

तिसरा नियम मी आज रद्द करते. कुलूपबंद खोलीत ठेवून माझं विरजण मोडलं, आणि तू वाटलंस म्हणून ते उरलं. मी चुकले होते हे मला आनंदाने लिहावंसं वाटतं आहे.

आता टाकीतला चुना तीनदा धुऊन काढ, दोन दिवस उन्हात ठेव आणि मग भर. आणि मैनाकाकूंकडे माझ्यातर्फे जा. दिवेलागणीच्या आत जा, वाटी घेऊन जा. सांग की नाशिकहून शुभांगीने विरजण मागितलं आहे.

शुभांगी


सायखेडा
१९ मे

चि. शुभांगीला आशीर्वाद, आणि प्लास्टर निघाल्याचं कळलं म्हणून जास्तीचे आशीर्वाद.

मैनाकडे गेले, वाटी घेऊन, दुपारी. तिने मातीच्या माठात ठेवलं आहे, काठाला फुटलेला जुना माठ, लिंबाच्या सावलीत. दर चौथ्या दिवशी ताकाचं भांडं विसळलेलं पाणी घालते. तुमच्या सरांना सांग. वाटी भरून देताना ती म्हणाली, "शुभांगीला म्हणावं, पुन्हा लागलं तर ये." तुझा निरोप ऐकून ती दिवसभर गल्लीत सांगत फिरत होती की नाशिकच्या कॉलेजला विरजण तिच्या घरून जातं.

टाकी पुन्हा हिरवी झाली. काल पहिलं फडकं गाळलं. केंद्राच्या बायकांनी ठरवलं आहे की प्रत्येकीने घरी एक माठ ठेवायचा, म्हणजे कुणाचं मोडलं तरी दुसरीकडे असेल. लंकाबाईने हंडा घासून देवापुढे ठेवला आणि माठ आणला.

कोळंब्या आता माझ्या बोटाएवढ्या झाल्या. त्या विकायच्या कधी ते मला आधी सांग. त्या दिवशी मी बहिणीकडे लासलगावला जाईन. अर्ध्या मिशीची विकायची नाही, हे सावळीरामलाही सांगून ठेवलं आहे आणि तो हसला नाही.

रविवारी बारकूच्या टेंपोत पुढच्या सीटवर बसून ये. टाकीभोवतीच्या फरशीवर पाथरवट रावजीकडून छिन्नीने खाचा पाडून घेतल्या आहेत, पाट्यावर पाडतात तशा. ओलं शेवाळ पसरून मी स्वतः अनवाणी दोन वेळा चालून बघितलं. पाय घसरत नाही.

मार्चमधला नमस्कार एका पायाचा होता, तो मी उधारीत धरला आहे. आता दोन्ही पायांवर उभी राहून कर.

नवसाआत्या